परसातल्या सोळा भाज्या

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. ऐकायला हे फार चांगलं वाटतं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनाही वाटलं होतं. पण अशा माणसाबरोबर संसार करून बघा, मग बोला. दुकानदार विचारणार, "मास्तर, मागचे तांदूळ कसे निघाले?" तर हे सांगणार, "खडे होते." शेजारीण विचारणार, "आमच्या पोराचं डोकं कसं आहे अभ्यासात?" तर हे सांगणार, "फारसं नाही." आणि त्यातही यांचा नियम असा, की विचारलं तर खरंच सांगायचं, पण नाही विचारलं तर आपण होऊन तोंड उघडायचं नाही. त्या नियमाच्या दुसऱ्या अर्ध्यानं माझा घात केला.

तेव्हा आम्ही सेलूला राहत होतो. हे तिथल्या शाळेत शिकवायचे. घर दोन खोल्यांचं, पुढं ओसरी, पण मागचं परस मात्र चांगलं ऐसपैस. माती आपली काळी, कपाशीची. उन्हाळ्यात पाय मुरगळेल अशा भेगा आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेईल असा चिखल. तरी यांना बागेची हौस. शाळा सुटली की धोतर खोचून परसात. विटा तिरप्या रोवून वाफ्यांना कडा केल्या, त्यांना चुना लावला. वाफ्यांमधून मुरमाची पायवाट काढली. मोरीचं पाणी चर खणून केळीकडे नेलं. कुंपण कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं, मांडव बांबूचा. दिसायला सगळं छान, पण भाजीचा पत्ता नाही. दोडका बोटाएवढा व्हायचा आणि तिथंच पिवळा पडायचा. मी हसायची. म्हणायची, "तुमची बाग फोटो काढाले बरी आहे."

मग हे उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ध्याजवळ कुठल्याशा शिबिराला गेले आणि डोक्यात नवं खूळ घेऊन आले. तोवर आमच्याकडे पाटीचा संडास होता. रोज सकाळी एक बाई यायची आणि डोक्यावरून वाहून न्यायची. माणसानं माणसाचं असं वाहू नये, असं हे म्हणाले, आणि ते मला एकदम पटलं. परसाच्या टोकाला दोन खड्ड्यांचा संडास बांधला. एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. विटा मी स्वतः वाहिल्या. त्यापलीकडे मी त्या खड्ड्यांचा विचार केला नाही. कोण करतं?

दोन वर्षांनी माझ्या भावाचं लग्न निघालं. माझं माहेर गिरडचं. तिकडून परत आले तर वाफे ओळखू येईनात. सगळीकडे नवी माती पसरलेली, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखी मोकळी. मी मूठभर हातात घेऊन विचारलं, "हे काय आणलं?"

"खत आहे. शिबिरात शिकवलेलं."

"बरं," मी म्हटलं आणि हात झटकून चूल पेटवायला गेले. माझं विचारणं तेवढंच.

त्या पावसाळ्यात आमच्या परसाला वेड लागलं. दुसरा शब्द नाही. दोडके मांडवातून हातभर लोंबायला लागले. पडवळाला खाली दगड बांधावे लागले. भेंडी सकाळी तोडावी तर संध्याकाळी पुन्हा तयार. धोप्याचं, म्हणजे अळूचं, एकेक पान सुपाएवढं. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा शेजारच्या छपरावर गेल्या. आम्ही दोघं खाऊन खाऊन किती खाणार? आळीभर वाटल्या. मी डोक्यावर पदर घेऊन टोपली मिरवत घरोघर जायची आणि बाया म्हणायच्या, "लीलाबाई, तुमच्या मास्तरच्या हाताले गुण आहे वो." मला यांचं कौतुक वाटायचं. हो, वाटायचं, कशाला लपवू?

याच भाज्यांच्या पायी महालक्ष्म्या माझ्या घरी आल्या.

आमच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, देवळीला, थोरल्या दिरांकडे. भाद्रपदात तीन दिवस. सासूबाईही तिकडेच राहायच्या. मी दरवर्षी बसनं जायची, ढीगभर पुरण वाटायची, भांडी घासायची आणि परत यायची. पितळी मुखवट्यांना हात लावायचा मान जाऊबाईंचा. मी धाकटी, त्यातून मास्तरची बायको, माझं सोवळंओवळं सासूबाईंच्या लेखी कच्चं. आठ वर्षं मी त्या मुखवट्यांकडे लांबून बघत होते. मला त्या माझ्या घरी हव्या होत्या. इतक्या हव्या होत्या की गणपती बसला की माझी झोप उडायची.

त्या वर्षी जाऊबाईंचा, अनुसयाबाईंचा, पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर; त्या आणि दीर देवळीतून हलणार नव्हते. सासूबाईंनी सेलूला येऊन परस बघितलं, टोकापासून टोकापर्यंत हिंडल्या आणि निकाल दिला.

"या साली लक्ष्म्या इथंच बसवू. बजारातली भाजी कितीक जनाच्या हातून येते, काई ठिकाना नाई. हे सारं घरचं. कोनाचा हात नाई लागला का काई नाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नीट झालं तं पुढंबी इथंच ठेवू. अनुसयाचंही आता वय झालं."

मी त्यांच्या पाया पडले तेव्हा मला खरंच रडू आलं.

माझ्या सासूबाई, सुमित्राबाई, म्हणजे सोवळ्याचा कहर. सरपण धुऊन वाळवल्याशिवाय चुलीत घालायच्या नाहीत. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून देवाच्या स्वयंपाकाला विहिरीचंच पाणी. मीठसुद्धा सोवळ्यात वेगळं. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात, सोळाही आमच्या परसातल्या. भल्या पहाटे ओलं लुगडं नेसून त्या स्वतः तोडायला उतरल्या. भुईवरच्या वेलाची कोहळी उचलली, माती हातानं पुसली. वाफ्यातली मूठभर माती उचलून नाकाशी नेली.

"वासुदेवा, काय माती केली रे बापा! थोडी तुळशीलेबी टाक."

यांनी टाकली. सासूबाईंनी विचारलं काहीच नव्हतं, नुसतं कौतुक केलं होतं. हे खूश होऊन हसले. मीही हसले. आज ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो.

जेवणाच्या दिवशी सगळं असं जुळून आलं की माझा माझ्यावर विश्वास बसेना. फुलोरा बांधला. आंबील झाली. सोळा भाज्यांचं पातेलं उतरवलं तेव्हा वास थेट रस्त्यापर्यंत गेला. यांनी पूजा केली, नैवेद्य दाखवला. सवाष्ण म्हणून कौशल्याबाईंना बोलावलं होतं. त्यांचे यजमान बंडूजी, कापडाचे दुकानदार, गावातले बडे असामी. त्यांनाही बागेची हौस, पण त्यांचे दोडके दरवर्षी कुजायचे आणि त्याचा त्यांना फार राग. पुरुषांची पंगत ओसरीवर बसली. आत मुखवट्यांच्या समोर रांगोळी काढून कौशल्याबाईंचं पान मांडलं. सासूबाई तूप वाढायला स्वयंपाकघराच्या दारात. मी पोळ्या घेऊन आतबाहेर.

सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "छान जमलं वो लीला." एवढंच. पण मला समजलं. मुखवटे इथंच राहिले.

आणि ओसरीवरून बंडूजींचा आवाज आला, "मास्तर, तिसऱ्यांदा भाजी घेऊन राह्यलो. आता सांगाच. कोणतं खत टाकता? चोरून ठेवू नका."

"चोरायचं काय त्यात?" हे म्हणाले. "सोनखत."

"ते कोणतं? सरकारी हाय का?"

माझ्या हातात पोळी होती. मला तो शब्द माहीत होता. शिबिरातून आलेल्या कागदावर मी तो वाचला होता आणि एवढ्या दिवसांत तो एकदाही आठवला नव्हता. त्या क्षणी तो खड्डा, ती भुसभुशीत माती आणि माझं 'बरं' म्हणणं, सगळं एकदम माझ्या डोक्यात येऊन आदळलं. मी ओसरीकडे धावले. नका बोलू, नका बोलू, असं म्हणायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता.

"संडासाचं," हे शांतपणे म्हणाले. वर्गात फळ्यापाशी उभे राहून सांगतात तसेच. "खड्डा भरला की बंद करायचा. वर्षभरात सारं मुरून जाते. मंग काढून वाफ्यात टाकायचं. मी स्वतः काढलं."

पानावर बोटं थांबली. बंडूजींचा घास अर्धा तोंडात, अर्धा बाहेर.

यांना वाटलं, लोकांना पटलं नाही. पटलं नाही तर पुरावा द्यायचा, हा दुसरा नियम. हे सरळ उठले, भरल्या पंगतीतून परसात गेले आणि ओंजळभर काळी माती घेऊन आले. पहिल्याच पानासमोर वाकले. "पाहा नं. घ्या, वास घ्या. काई येते का?"

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एक जण पेरूच्या झाडाकडे पळाला. दुसरा मोरीकडे. एक म्हातारे गृहस्थ पानावर तसेच बसून दोन्ही हातांकडे बघत राहिले. बंडूजी उठले, घास थुंकले आणि ओरडले, "मास्तर, तुम्ही आम्हाले... अरे, देवीच्या पानावर!" पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. ते बायकोला हाक मारत आत आले. कौशल्याबाई आधीच उभ्या राहिल्या होत्या. हात खरकटा, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "बाई, ओटी तरी भरू द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सवाष्ण पानावरून अर्ध्या जेवणात उठून निघून गेली, पाणीही न पिता. घर घटकेत रिकामं झालं. ओसरीवर पानंच्या पानं टाकलेली आणि यांच्या ओंजळीत अजून ती माती.

"झालं समाधान?" मी ओरडले. शेजारी ऐकतील याची मला पर्वा नव्हती. "निदान मले तरी सांगायचं! मी घरोघर वाटली ती भाजी! स्वतः रांधली, देवीले दाखवली!"

"तू विचारलं नाई," हे म्हणाले. चेहरा गोंधळलेला, पण डोळ्यांत लबाडी औषधालाही नाही. त्या क्षणी वाटलं, थोडी असती तर मी क्षमा केली असती.

मग मला सासूबाईंची आठवण झाली. त्या दारातच होत्या. हातातली तुपाची वाटी कलंडून तूप उंबऱ्यावर सांडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. ज्या बाईनं नळाचं पाणी पन्नास पावलं लांब ठेवलं, तिनं सकाळी ती माती नाकाशी नेली होती. मला वाटलं, आता ही बाई पडते. मी धरायला गेले तर त्यांनी हातानं लांब केलं.

"वासुदेवा," त्या म्हणाल्या, "कोनाचं होतं ते?"

"काय?"

"खड्ड्यातलं. कोनाचं?"

"कोणाचं म्हणजे? घरचंच," हे म्हणाले. "माह्यं, लीलाचं. तू त्या साली दिवाळीत महिनाभर होती, तुह्यंबी."

आता मात्र मी भिंतीला टेकले. एवढं ऐकायचं बाकी होतं.

सासूबाईंनी यांच्या ओंजळीतल्या मातीकडे बघितलं. मग हलकेच म्हणाल्या, "बाहेरचं नाई ना कोनाचं?"

"नाई."

त्यांनी वाटी खाली ठेवली. मुखवट्यांसमोरच्या त्या अर्धवट पानाकडे बघितलं. सवाष्ण अशी उठून जाणं म्हणजे देव्या उपाशी उठल्या. याहून मोठा अपशकुन आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. आणि गावातली एकही बाई आता आमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"लीला, ते पान काढ. दुसरं मांड. तू बस."

"मी?"

"तू सवाष्ण नाई का? बस. मी वाढतो."

आठ वर्षांत सासूबाईंनी मला बसवून कधी वाढलं नव्हतं. मी पाटावर बसले. त्यांनी हात धुतले, पुरणपोळी वाढली, कढी वाढली आणि सोळा भाज्यांचा डाव भरून माझ्या पानात ओतला. समोर दोन्ही देव्या, बाजूला सासूबाई, दारात नवरा. मनात आलं, उठावं, पळावं, सरळ गिरडची बस धरावी. पण उठले असते तर मुखवटे गेले असते. कायमचे. म्हणून मी डोळे मिटले आणि घास घेतला.

काय सांगू तुम्हाला! तशी भाजी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. दोडक्याला दोडक्याची चव, भेंडीला भेंडीची, आणि सगळ्यांची मिळून एक वेगळीच. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट लागली असती तर किती सोपं झालं असतं. मी पहिला घास गिळला, दुसरा घेतला, आणि पान पुसून कधी खाल्लं ते मला समजलंच नाही.

"कशी झाली?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे.

"चांगली झाली आई. फारच चांगली."

त्यांनी मुकाट्यानं स्वतःचं पान मांडलं. मला म्हणाल्या, "वाढ." मी वाढलं. माझ्या सोवळ्याच्या सासूबाई ती भाजी जेवल्या. सावकाश, एकही शब्द न बोलता, आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. मी नुसती बघत राहिले. दुपारपासूनचे सगळे धक्के एका बाजूला आणि हा एका बाजूला. मला हसूही येईना आणि रडूही येईना. पण काळजात कुठंतरी आशा उगवली. त्या जेवल्या होत्या. म्हणजे देव्याही जेवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी देव्यांना निरोप दिला. सासूबाई मुखवटे जुन्या लुगड्यात गुंडाळायला बसल्या. मी शेजारी जाऊन बसले आणि हात पुढं केला. त्यांनी गाठोडं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"पुढल्या साली देवळीले," त्या म्हणाल्या.

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "काऊन आई? तुम्ही तं जेवल्या. माह्यं काई चुकलं का?"

"तुह्यं काई नाई चुकलं. पन या घरात तुहा नवरा आहे. उद्या पंगतीत कोनी काई विचारलं तं हा सांगून देईन. असं घर देव्यांले चालत नाई."

खोटं बोलत नाही म्हणून माझ्या नवऱ्याचं घर देवांना चालत नव्हतं, आणि ते मला सांगणारी त्याची आई होती. आठ वर्षं वाट बघितली आणि तीन दिवसांत संपलं. मी पदर तोंडाला लावला.

सासूबाईंनी गाठ मारली आणि मग माझ्याकडे सरकल्या. आवाज एकदम खाली आला.

"भाज्या मात्र इथूनच आनजो. सोळाच्या सोळा. तशी भाजी बजारात नाई भेटत. अन् अनुसयाले सांगू नको."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सरपण धुणारी बाई! "पन आई, सेलूत सारे जण..."

"ज्यायनं खाल्लं, ते आपल्या तोंडानं कोनाले सांगतीन का? मी खाल्लं म्हून?" त्या म्हणाल्या. "काई नाई होत. तिनं विचारलं का काय टाकता, तं शेनखत म्हनजो. समजलं?"

त्यांच्या मांडीवर मुखवट्यांचं गाठोडं होतं. लुगड्याच्या फटीतून एका देवीचा डोळा दिसत होता. नाही म्हणायचं होतं. आदल्या दिवसापासून ज्या माणसाशी मी बोलले नव्हते, ज्याच्या खरेपणाला मी देवीसमोर शिव्या घातल्या होत्या, तो माणूस माझ्या जागी काय म्हणाला असता ते मला पक्कं ठाऊक होतं. आणि नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी देवळीत माझ्या हातात काय राहणार होतं? पुन्हा खरकटी भांडी. निदान या सोळा भाज्या तरी माझ्या होत्या.

"हो," मी म्हणाले.

एवढ्या सहज म्हणाले की माझा मलाच धक्का बसला. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पहिल्यांदाच.

त्यांना बसमध्ये बसवून हे परत आले, तेव्हा मी परसात मांडवाखाली उभी होते. हे जवळ आले. आदल्या दिवसापासूनच्या अबोल्यानंतर मी बोलेन की नाही याची त्यांना धास्ती होती.

"जाताना आई तुले आत काय सांगत होती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. किती सरळ विचारलं होतं.

"काई नाई," मी म्हटलं. "भाज्या चांगल्या झाल्या म्हणे."

त्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला. माझ्यावर अविश्वास दाखवायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. ते बादली घेऊन पडवळाला पाणी घालायला गेले, आणि मी तिथंच उभी राहिले.